हाडांनाही काम सांगावे लागते



आमच्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याने बी-बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी लिहावे अशी रीत आहे. आज मात्र मी हाडांविषयी लिहिणार आहे. त्याला कारण एका घराने मला विचारलेला प्रश्न. उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि ते मिळाल्यावर वाटले की हे प्रत्येक घरी पोचले पाहिजे.

एका घरातल्या दोन गोष्टी

दोन वर्षांपूर्वी हरभऱ्यावरच्या घाटेअळीची पाहणी करून मी परत निघालो होतो. वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने रस्त्यातच गाडी थांबवली. "साहेब, गाय पहाटे व्याली अन् आता उठत नाही. मान पोटाकडं वळवून बसलीय. कान गार पडलेत."

हे माझे काम नव्हते, पण लक्षणे ऐकून मी लगेच पशुवैद्यांना फोन लावला. ते आले, गाय तपासली आणि म्हणाले, "दुग्धज्वर आहे." त्यांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून अगदी सावकाश सोडली. थोड्या वेळाने गाईने ढेकर दिला, शेण टाकले आणि धडपडत उभी राहिली.

नंतर पडवीत चहा झाला. तिथे खाटेवर त्या शेतकऱ्याची आई बसलेली होती. शेजारी लोखंडी वॉकर होता. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, या गाईला गाभणपणी दोन महिने मी कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या. लसूणघास कापून पुढ्यात टाकला. आईला टायफॉइड झाला, तेव्हापासून वर्षभर खाटेवरून उठू दिलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला. अन् एक दिवस ती न्हाणीत नुसती घसरली, तर खुब्याचं हाड मोडलं. दोघींना जपलं, अन् दोघींच्याच हाडांनी दगा दिला. असं का व्हावं?"

म्हातारी हसून म्हणाली, "अरे, साहेबांना काय विचारतोस? वय झालं की हाड मोडायचंच." पण मुलाचे समाधान झाले नाही, आणि माझेही.

हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माळावर पडलेले पांढरे, कोरडे हाड येते. ते मेलेले हाड. जिवंत हाडात रक्त खेळत असते आणि पेशी नांदत असतात. पेशी म्हणजे शरीराची जिवंत वीट. प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. या सगळ्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी मोडला जातो आणि पुन्हा नवा बांधला जातो. आपण झोपलेलो असतानाही हे बांधकाम चालू असते.

या बांधकामावर तीन प्रकारच्या पेशी राबतात. पहिल्या बांधणाऱ्या, त्यांना शास्त्रात ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना गवंडी म्हणू. दुसऱ्या जुने हाड विरघळवून खणून काढणाऱ्या, त्या ऑस्टिओक्लास्ट. त्यांना खोदणारे म्हणू. तिसऱ्या ऑस्टिओसाइट. यांची गोष्ट मोठी नवलाची आहे. भिंत बांधता बांधता काही गवंडी त्याच भिंतीत गाडले जातात. ते मरत नाहीत. छोट्या कोनाड्यात बसून, काही तर वीस-पंचवीस वर्षे, ते पहारा करतात. त्यांना आपण जागले म्हणू.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की हे जागले नुसते बसून असतात. आता कळले आहे की सगळ्या कामाची सूत्रे बहुतांशी त्यांच्याच हातात आहेत. हाडातल्या दर शंभर पेशींत नव्वदाहून अधिक जागलेच असतात. २०१५ साली मांडलेल्या एका गणिताप्रमाणे माणसाच्या सांगाड्यात सुमारे ४२०० कोटी जागले आहेत. प्रत्येकाला केसाहून बारीक असे अनेक हात असतात. ते हात हाडातल्या सूक्ष्म नळ्यांतून शेजाऱ्याच्या हातापर्यंत पोचतात. हात हाताला भिडतो तिथे एक चिमुकले दार असते, आणि त्या दारातून एकाचा निरोप दुसऱ्याकडे जातो.

पाणी हलले की निरोप निघतो

आता प्रश्न असा, की भिंतीत गाडलेल्या जागल्याला बाहेरचे कसे कळावे?

त्या बारीक नळ्यांत पाण्यासारखा रस भरलेला असतो. आपण पाऊल टाकले, घागर उचलली, कुदळ मारली की हाड किंचित वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतके किंचित. पण तेवढ्याने नळ्यांतला रस सरकतो. पाटातून पाणी सुटले की काठचे गवत जसे हलते, तसे जागल्याचे हात त्या रसाने हलतात. त्याला समजते की इथे भार आला.

मग तो काय करतो? एरवी तो गवंड्यांना सतत एक निरोप धाडत असतो, 'थांबा, बांधू नका.' या निरोपाच्या द्रव्याचे नाव स्क्लेरोस्टिन. भार आला की तो हा निरोप आखडता घेतो. ब्रेक सैल झाला की गवंडी कामाला लागतात. माणूस खाटेवर पडून राहिला, तर रस हलत नाही, ब्रेक घट्ट आवळला जातो आणि बांधकाम थंडावते. त्याच वेळी जागले दुसरा निरोप धाडतात. त्याचे नाव रँकल. तो मिळाला की खोदणारे तयार होतात आणि हाड खणू लागतात. ज्या हाडाला काम नाही ते सांभाळायचे कशाला, असा शरीराचा काटकसरीचा हिशेब असतो.

खोदणाऱ्यांना आवर घालणारे द्रव्यही शरीरात असते. ते ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते आणि रँकल यांचा शोध १९९७-९८ या दोन वर्षांत लागला. स्त्रियांची पाळी जाते तेव्हा अंगातले इस्ट्रोजेन घटते, आणि रँकलचे पारडे जड होते. म्हणून उतारवयात बायकांची हाडे पुरुषांपेक्षा लवकर पोकळ होतात. त्या वयाच्या बाईला खाटेवर बसवून ठेवले, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते.

कामाप्रमाणे हाड आपली घडण बदलते, हे जर्मनीचे वैद्य यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथ लिहून मांडले होते. टेनिस खेळणाऱ्यांचे रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते. उलट अंतराळात गेलेल्या माणसांच्या खुब्याचे हाड तिथे वजन न पेलल्यामुळे दर महिन्याला एक ते दीड टक्का झिजते. खाटेवरच्या माणसाची गत थोडीबहुत अशीच.

ब्रेकचा निरोप मुळातच नसला तर काय होते, तेही पाहायला मिळाले आहे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या काही कुटुंबांत हाडे बेसुमार जाड होतात. कवटीचे हाड वाढून आतल्या नसा चिमटतात, ऐकू येईनासे होते, चेहरा लुळा पडतो. याचे मूळ स्क्लेरोस्टिनच्या जनुकात आहे, हे २००१ साली कळले. म्हणजे 'थांबा' हा निरोपही तितकाच गरजेचा. त्याच शोधावरून स्क्लेरोस्टिनला अडवणारे औषध तयार झाले, आणि ठिसूळ हाडांच्या स्त्रियांसाठी अमेरिकेत त्याला २०१९ साली मान्यता मिळाली.

मग दिवसभर ओझी वाहावी का? तसेही नाही. रुबिन आणि लॅन्यन या दोघा शास्त्रज्ञांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर रोज मोजून भार दिला आणि निष्कर्ष १९८४ साली छापले. दिवसातून फक्त ४ वेळा भार दिला तरी हाडाची झीज थांबली. ३६ वेळा दिला तेव्हा हाड वाढले. मात्र १८०० वेळा दिला तरी ३६ पेक्षा जास्त फायदा झाला नाही. आपल्याला हे नवे वाटू नये. पिकाला बेताच्या पाळ्या दिल्या तर ते पाणी मानवते; एकदमच वाफे तुडुंब भरले तर जास्तीचे पाणी वाहून जाते. हाडालाही थोडे थोडे, पण रोजचे काम लागते.

गाडून ठेवलेले निरोप

निरोपाची आणखी एक तऱ्हा आहे. गवंडी हाड बांधताना त्यात काही द्रव्ये पुरून ठेवतात. पुढे केव्हातरी खोदणारे तो भाग खणतात, तेव्हा ती द्रव्ये मोकळी होतात आणि नव्या गवंड्यांना बोलावतात. म्हणून जिथे खणले तिथेच भरले जाते. हाडात अशी द्रव्ये आहेत, हे अमेरिकेचे डॉक्टर मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले. त्यांनी हाडातला क्षार काढून टाकला आणि उरलेला भाग स्नायूत ठेवला, तर तिथे नवे हाड तयार झाले.

खणण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, पण तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. पाडणे सोपे आणि बांधणे अवघड, हे घराइतकेच हाडालाही लागू आहे. म्हणून महिनाभराच्या अंथरुणाचे नुकसान आठवडाभर फिरल्याने भरून येत नाही.

गाय का बसली?

आता त्या गाईकडे वळू. व्यालेल्या गाईच्या एक लिटर चिकात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दहा लिटर चीक निघाला तर वीस-बावीस ग्रॅम गेले. आणि तिच्या रक्तात एका वेळी खेळते कॅल्शियम असते जेमतेम तीन ग्रॅम! बाकीचे कुठून आणायचे? थोडे चाऱ्यातून आणि उरलेले हाडांच्या कोठारातून.

कोठार उघडण्याचा हुकूम गळ्यातल्या चिमुकल्या परावटू ग्रंथी देतात. गंमत अशी की हा हुकूम खोदणाऱ्यांना थेट कळतच नाही. तो गवंड्यांना आणि जागल्यांना कळतो. ते मग रँकलचा निरोप धाडतात, आणि त्यानंतर खोदणारे जागे होतात. या निरोपानिरोपीत एक-दोन दिवस तरी मोडतात.

गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत गाईला बाटल्यांतून आणि लसूणघासातून भरपूर कॅल्शियम मिळत होते. हाडांकडे मागायची वेळच आली नाही. हुकूम देणाऱ्या ग्रंथी सुस्तावल्या. लसूणघासात पोटॅश फार असते. त्याने रक्ताची घडण अशी बदलते, की दिलेला हुकूमही हाडांना नीट ऐकू येत नाही. गाय व्याली, चीक उतरला, एकदम मोठी मागणी आली आणि कोठाराचे दार वेळेत उघडले नाही. रक्तातले कॅल्शियम घसरले आणि गाय बसली. हा धोका जास्त दूध देणाऱ्या गाईंना, आणि त्यातही तिसऱ्या वेतापुढे, अधिक असतो.

म्हणजे गाईची हाडे मजबूतच होती. त्यांना काम सांगायची सवय मोडली होती. आणि म्हातारीचेही तेच झाले. तिच्या हाडांना वर्षभर कोणी काम सांगितले नाही.

कूर्चेतल्या एकेकट्या वस्त्या

हाडांच्या टोकाला, सांध्यात, कूर्चा असते. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला जी पांढरी, गुळगुळीत टोपी दिसते, ती कूर्चा. आपल्या गुडघ्यात तीच असते. कानाची पाळी वरून हाताला चिवट लागते, तीही कूर्चेमुळेच.

हाड हे दाट वस्तीचे गाव म्हटले, तर कूर्चा हा माळ आहे. तिथे एकेकटी पेशी आपापल्या कोनाड्यात दूर दूर राहते. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिनी नाही, नसही नाही. पेशीचा हात पेशीला लागत नाही. मग अन्न आणि निरोप पोचतात कसे? पाण्यातून. सांध्यातल्या कूर्चेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असतो. पाऊल टेकले की ती दाबली जाते आणि पाणी बाहेर येते. पाऊल उचलले की ती स्पंजासारखी पाणी शोषून घेते. या आत-बाहेरच्या पाण्याबरोबर अन्न जाते, घाण निघते आणि एका पेशीने सोडलेली द्रव्ये झिरपत दुसरीपर्यंत पोचतात. सांधा हललाच नाही तर हा पाझर मंदावतो आणि माळ उपाशी राहतो.

पेशींच्या अंगावर भार ओळखणारी दारेही आहेत. रोजच्या चालण्याचा भार एका प्रकारच्या दाराला कळतो, आणि पेशी नवी कूर्चा बनवायला लागते. फार मोठा भार आला तर पिएझो नावाची वेगळी दारे उघडतात आणि पेशीला इजा होते. ही पिएझो दारे २०१० साली सापडली. ती शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कूर्चेत नस नसल्याने ती झिजू लागली तरी आरंभी दुखत नाही. दुखू लागते तेव्हा बरीच झीज झालेली असते. आणि एकदा गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, हे लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नोंदवले आहे. तेव्हा गुडघा हलता ठेवावा, पण त्याच्यावर जुलूम करू नये. वजन जास्त असेल तर उतरवावे. शरीराचे वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे २००५ साली अमेरिकेत मोजले गेले.

वाढत्या मुलांची हाडे

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते. उंची तिथून वाढते. चकतीतल्या पेशी रांगेने उभ्या असतात. पुढच्या, पोक्त होत आलेल्या पेशी मागे एक निरोप धाडतात. हाडाच्या टोकाकडून त्यांना उलट निरोप येतो, 'घाई करू नका, अजून थोडे वाढू द्या.' दोन्ही निरोपांचा तोल राहतो तोवर हाड वाढते. ही देवघेव १९९६ साली उलगडली.

त्यातल्या पहिल्या निरोपाचे नाव आहे इंडियन हेजहॉग! हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखा काटेरी, पण खूप लहान प्राणी. या घराण्यातले पहिले जनुक १९८० साली फळमाशीत सापडले. ते बिघडले की माशीची अळी काटेरी दिसे, म्हणून ते नाव पडले. पुढे तशीच आणखी सापडली, तेव्हा एकाला आपल्या देशातल्या हेजहॉगचे नाव दिले गेले. तुमच्या-आमच्या मुलांची उंची या नावाच्या निरोपाने वाढते.

या चकतीला कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व मिळाले नाही तर नवे हाड मऊ राहते आणि पाय वाकतात. तोच मुडदूस. नाचणी, दूध, तीळ, शेवग्याचा पाला आणि अंगावर ऊन, एवढे घरचे मुलाला मिळाले पाहिजे. त्याच्या डोक्यावर मोठ्यांची ओझी देऊ नयेत. चकतीला जबर मार लागला तर तो पाय आखूड राहू शकतो. अशा वेळी पाय चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

घरात काय करावे

म्हातारी माणसे आजारातून उठली की डॉक्टरांना विचारून लवकर चालती करावीत. खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, अंगणात दोन फेऱ्या, तांब्या स्वतः भरून घेणे, हे त्यांच्या हाडांना सांगितलेले काम आहे. मात्र न्हाणीत शेवाळ ठेवू नये, धरायला दांडा बसवावा, आणि रात्री दिवा असावा.

प्लॅस्टर निघाले की हात-पाय रोड दिसतो. आतले हाडही थोडे हलके झालेले असते. डॉक्टर सांगतील तसा हळूहळू भार वाढवावा. लगेच पोती उचलू नयेत आणि महिनोन् महिने गळ्यातही अडकवून ठेवू नये.

घरातल्या बायकांनी पन्नाशी आली की दूध, नाचणी, तीळ आपल्याही ताटात घ्यावे. सगळ्यांना वाढून उरले तर घेऊ, ही सवय हाडांना परवडत नाही.

गाभण गाईला व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. लसूणघास कमी करून कडबा आणि इतर वैरण वाढवावी. व्यायच्या सुमारास कोणते क्षारमिश्रण द्यायचे, ते पशुवैद्यांना विचारावे. व्याल्यावर गाय बसली, कान गार पडले, मान वळली, तर तासभरही वाट पाहू नये. शिरेतून कॅल्शियम देणे पशुवैद्यांचेच काम आहे. ते घाईने दिले तर गाईचे हृदय बंद पडू शकते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. ती गाय दुसऱ्यांदा व्याली होती आणि उभ्यानेच वासराला चाटत होती. मुलाने या वेळी बाटल्या आधी दिल्या नाहीत. मी खाटेकडे पाहिले तर खाट रिकामी! म्हातारी वॉकर धरून गोठ्याकडे आली, आणि मुलाने हात पुढे केला तर त्याला म्हणाली, "तू बाजूला हो. मला चालायचं काम साहेबांनी सांगितलंय."

तिला तसे काही मी सांगितले नव्हते. ते तिच्या मुलानेच समजावले असणार. आपल्याही घरी कोणी खाटेवर बसवून ठेवले असेल, तर आज संध्याकाळी त्यांना अंगणापर्यंत घेऊन जा.